लहानांना प्रवेश नाही, मोठ्यांना इलाज नाही

जाहिरात म्हटली की काय काय मिळेल याची यादी आलीच. व्हायकिंग ही क्रूझ कंपनी मात्र काय मिळणार नाही याची यादी छापते. जहाजावर कॅसिनो नाही. चित्रांचे लिलाव नाहीत. घास तोंडात असताना फोटो काढून तो संध्याकाळी गळ्यात मारणारे फोटोग्राफर नाहीत. ग्लासात कागदी छत्री खोचलेली रंगीत पेयं नाहीत. आणि अठरा वर्षांखालची मुलं नाहीत. कंपनीचे संस्थापक टॉर्स्टाइन हागन सांगत आले आहेत, की आपली जहाजं विचार करणाऱ्यांसाठी आहेत, पिणाऱ्यांसाठी नाहीत. आता विचार करायचा तर आसपास पोरं नकोत, हे ज्यांच्या दोन खोल्यांत थोरलीची दहावी आणि धाकट्याचा तबला एकत्र नांदतो त्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

मुलांना जुगार आणि कागदी छत्रीच्या पंगतीला बसवलं म्हणून गिऱ्हाइकांपैकी कोणी रुसल्याचं दिसत नाही. हजाराच्या आत प्रवासी घेणारी ही जहाजं लोक बऱ्यापैकी जाडजूड पैसे मोजून भरतात. मे २०२४ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात दाखल झाली, तेव्हा ‘पोरं नाहीत’ या गोष्टीलाही भाव असतो हे तिथल्या दलालांनाही कळून चुकलं.

क्रूझच्या दुनियेत या प्रश्नावरून सरळ दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, जन्मभर खस्ता खाल्ल्या, कर्जं फेडली, आता चार दिवस समुद्र बघायला आलो तर सूर्यास्ताच्या वेळी कोणाच्या तरी नातवाचं आइस्क्रीम आपल्या बुटावर का म्हणून सांडावं? दुसऱ्या तटाचं म्हणणं, पोरं काय आकाशातून पडली? तुम्ही कधी लहान नव्हता? दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलत राहतात. ज्यांच्यावरून हे रामायण चाललंय ती मंडळी तोवर सॉफ्ट आइस्क्रीमच्या यंत्रापाशी चौथ्यांदा रांगेत उभी असतात.

खरी गंमत कळायला मुलांना मज्जाव असलेल्या जहाजावर मोठी माणसं काय करतात ते पाहावं. रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या ‘व्हर्जिन व्हॉयेजेस’चं पहिलं जहाज ‘स्कार्लेट लेडी’ २०२१ मध्ये प्रवासी घेऊन निघालं. अठरा पूर्ण झाल्याशिवाय त्यावर पाऊल ठेवता येत नाही. मग या पोक्त, जाणत्या, कर भरणाऱ्या माणसांसाठी सोय काय केली आहे? व्हिडिओ गेम खेळायची खोली. अंगावर चित्रं काढून घ्यायचं दुकान, म्हणजे टॅटूचं, तेही भर समुद्रात. एका संध्याकाळी सगळ्यांनी लाल कपडे घालून यायचं आणि रात्री पूलमध्ये धुडगूस घालायचा, असा एक सोहळा. शिवाय फोनवरचं अ‍ॅप उघडून फोन जोरजोरात हलवला की असाल तिथे शॅम्पेन हजर. खुळखुळा हलवावा आणि कोणीतरी धावत यावं, हे सुख माणसाला पाळण्यात फुकट मिळतं. इथे त्याचं बिल येतं.

एवढ्यावर थांबलं तर ते मोठे कसले? गेल्या काही वर्षांत जगभरच्या क्रूझवर रबरी बदकं लपवण्याचं वेड पसरलंय. घरून पिशवीभर प्लॅस्टिकची पिवळी बदकं न्यायची, जिन्याच्या कठड्यावर, कुंडीत, लिफ्टच्या कोपऱ्यात लपवायची आणि दुसऱ्या कोणी ती शोधायची. ‘क्रूझिंग डक्स’ असं त्याचं नाव आहे. बदक हाती लागलं की त्याच्यासोबत फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकण्याचा रिवाज आहे. यात मुलं असतात हे खरं. पण बदकांना चिमुकल्या टोप्या विणून घालणारे, त्यांच्या गळ्यात जहाजाचं नाव आणि तारीख असलेली चिठ्ठी बांधणारे बहुतेक जण निवृत्त असतात, हे त्यांच्या फोटोंतल्या चष्म्यांवरून ओळखू येतं.

आणि खुर्च्या! सकाळचे साडेसहा वाजलेत. पूलभोवतीच्या आरामखुर्च्यांवर अजून दव आहे. पांढरे केस, अर्धी विजार आणि काखेत चार टॉवेल अशी एक व्यक्ती अंदाज घेत येते. पहिल्या खुर्चीवर टॉवेल, दुसऱ्या खुर्चीवर टॉवेल आणि त्यावर जाडजूड कादंबरी, तिसऱ्यावर टॉवेल आणि एक चप्पल, चौथ्यावर दुसरी चप्पल. मग ती व्यक्ती अनवाणी नाश्त्याला निघून जाते आणि साडेदहापर्यंत तिचं दर्शन होत नाही. लाल डब्यात खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या पूर्वजांनाही इतका ऐसपैस संसार मांडता आला नव्हता. या प्रकाराने कंपन्या इतक्या जेरीस आल्या, की ‘कार्निव्हल’ने नियमच केला. रिकामी खुर्ची दिसली की कर्मचारी त्यावर वेळ लिहिलेला कागद चिकटवतो, आणि चाळीस मिनिटांत मालक उगवला नाही तर सामान उचलून बाजूला ठेवतो. त्यानंतर जी वादावादी होते तिच्यात पाच वर्षांचं पोर सहसा नसतं. त्याला खुर्चीचं काय? ते पाण्यात असतं.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. ‘रॉयल कॅरिबियन’चं ‘आयकॉन ऑफ द सीज’ जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालं. वीस मजले, सात पूल, पाण्याच्या सहा घसरगुंड्या. एका खोलीत दोघं असा हिशोब धरला तर ५,६१० प्रवासी मावतात, आणि खच्चून भरलं तर ७,६००. मधले हे दोन हजार लोक कोण? भिंतीतून खाली ओढायच्या बर्थवर आणि सोफ्याच्या पलंगावर झोपणारे, म्हणजे खोलीतले तिसरे आणि चौथे. सुट्टीच्या दिवसांत यातले बहुसंख्य कोण असणार हे सांगायला नको. त्यांच्यासाठीच ‘मुलं फुकट’ अशा योजना जाहीर होतात. फुकट म्हणजे भाडं फुकट. बंदराचे कर आणि इतर आकार मुलाच्या नावानेही लागतातच. शिवाय फुकट आलेलं मूल घसरगुंडीवरून उतरल्यावर काय काय मागतं, ते कंपनीला आई-बापांच्या आधी माहीत असतं.

या जहाजावर ‘सर्फसाइड’ नावाचा एक आख्खा भाग लहान मुलांच्या कुटुंबांसाठी आहे. तिथे पोरांच्या कारंज्यांशेजारीच आई-बाबांचा पूल आणि एक बार आहे. त्या बारमध्ये मुलाला दारूविना आणि बाबांना दारूसह, दिसायला एकसारखी पेयं मिळतात. मात्र याच जहाजाच्या मागच्या अंगाला, समुद्रापासून चाळीसेक मीटर उंचीवर, ‘हाइडअवे’ नावाचा पूल आहे. तिथे फक्त मोठ्यांना प्रवेश. म्हणजे मुलांचं जहाज म्हणून गाजलेल्या जहाजातलं सर्वांत देखणं दृश्य मुलांना दिसणार नाही अशी व्यवस्था चोख आहे.

डिस्ने तर मुलांचं माहेरघर. त्यांच्या जहाजांचा भोंगासुद्धा डिस्नेच्या गाण्यांचे सूर वाजवतो. १९९८ मध्ये निघालेल्या ‘डिस्ने मॅजिक’पासून तिथे मोठ्यांसाठी वेगळा पूल आहे, अठराच्या पुढच्यांसाठी ‘पालो’ नावाचं रेस्टॉरंट आहे, आणि बहामातल्या कंपनीच्या स्वतःच्या बेटावर मोठ्यांचा वेगळा किनारासुद्धा आहे. मिकी माउसनेही कुठेतरी दार लावून घेतलंच आहे.

थोडक्यात, दोन्ही प्रकारच्या बोटींवर माल एकच विकला जातो, तो म्हणजे मुलांची गैरहजेरी. व्हायकिंग आणि व्हर्जिन तो घाऊक विकतात, डिस्ने आणि रॉयल कॅरिबियन किरकोळीत.

किरकोळ विक्रीचं दुकान म्हणजे किड्स क्लब. दिवसभर मुलं तिथे सोडायची ती फुकट. रॉयल कॅरिबियनवर रात्री दहानंतर मात्र तासावर पैसे लागतात. अगदी तान्ह्यांच्या पाळणाघराचा हिशोबही तासावर. अशा क्लबच्या दाराशी रात्री साडेदहाला थोडा वेळ उभं राहावं. जेवणं झालेली, नाटक बघून झालेलं, जराशी घेतलेली अशी जोडपी प्रसन्न चेहऱ्याने पोरांना न्यायला येतात. काउंटरवरची मुलगी मनगटावरच्या पट्ट्याशी नाव जुळवून आत हाक मारते. आतून उत्तर येतं, “अजून पाच मिनिटं!” पाच मिनिटं होतात. पुन्हा हाक. आता उत्तरही येत नाही. बाबा काचेतून हात हलवतात, पोर पाठ फिरवतं. अखेर बाहेर काढल्यावर ते जे भोकाड पसरतं ते दोन मजले वर ऐकू जातं, आणि तिथे बसलेला कोणीतरी नाक मुरडून म्हणतो, म्हणूनच मुलांना बोटीवर बंदी हवी. मुलाला खरं तर आई-बापांवर बंदी हवी असते, पण ते त्याला मांडता येत नाही.

मुलं नकोत म्हणणाऱ्यांच्या बाजूने एक मुद्दा मात्र भक्कम आहे, आणि त्यावर अमेरिकन सरकारचा शिक्का आहे. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या प्रवासी जहाजांची स्वच्छता तपासण्याचा कार्यक्रम तिथलं रोग नियंत्रण केंद्र १९७० च्या दशकापासून राबवतं. त्याचा नियम असा, की ज्या मुलाला अजून शी-शूचं भान आलेलं नाही त्याला जहाजाच्या पूलमध्ये उतरवायचं नाही, पोहायचा खास डायपर घातलेला असला तरीही नाही. अशा मुलांसाठी पाण्याची वेगळी, वेगळ्या गाळणीची जागा हवी. कारण एखाद्या बाळाने मुख्य पूलमध्ये व्हायचं ते केलं, तर पूल रिकामा करा, क्लोरीन वाढवा, थांबा, तपासा, असा सगळा सोपस्कार होतो. आणि तो काळ पूलभोवती चार चार खुर्च्या धरून बसलेल्या मंडळींनी कसा काढायचा? बाळाची आई या वेळी समुद्राकडे टक लावून बघत असते, आपलं बाळ ते नव्हेच अशा चेहऱ्याने.

तान्ह्यांच्या बाबतीत कंपन्या एरवीही सावध असतात. बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत, आणि लांबच्या समुद्रप्रवासाला वर्षाची अट असते. यात आकस नाही. जहाजावर दवाखाना असतो, बालरोगतज्ज्ञ नसतो, आणि अटलांटिकच्या मधोमध शेजारच्या काकूंना विचारून घुटी उगाळता येत नाही.

खरोखरच्या आलिशान बोटींची तऱ्हा निराळी. ‘एक्सप्लोरा’च्या जहाजांवर मुलांसाठी क्लब आहे, रिट्झ-कार्लटनच्या नौकांवर मुलांचे कार्यक्रम आहेत. ‘सिल्व्हरसी’ मुलं घेते, पण अगदी लहान किती घ्यायची ते ठरवण्याचा हक्क राखून ठेवते. या म्हणायचं नाही आणि येऊ नका असंही म्हणायचं नाही, हे धोरण पुण्यात कोणाला शिकवावं लागत नाही. आठ आकडी पगाराच्या घरातलं मूल तिथे येतं आणि दुपारभर पांढऱ्या शुभ्र सोफ्यावर पाय न लावता बसून राहतं. त्याची दया येते.

वयाची रेघ एकदा आखायला घेतली की ती कुठे थांबवायची हा प्रश्न उरतोच. ब्रिटनच्या ‘पी अँड ओ’ने ‘आर्केडिया’ हे जहाज २००५ मध्ये आणलं तेच मोठ्यांसाठी म्हणून. ‘ऑरोरा’ मात्र जवळपास वीस वर्षं मुलाबाळांसकट फिरलं, आणि २०१९ मध्ये त्यावरही मुलं बंद झाली. पण या बाबतीत बाजी मारली ती ‘सागा’ने. तिथे अठरा, एकवीस असला पोरकटपणा नाही. वय पन्नास हवं. सोबतीला येणाऱ्याला सूट आहे, त्याला चाळीस चालतात. म्हणजे पंचावन्न वर्षांच्या नवऱ्याबरोबर बेचाळिसाव्या वर्षी या बोटीवर चढणाऱ्या बाईला चारचौघांत ‘पोर’ म्हणवून घेण्याचं भाग्य पुन्हा लाभतं. ऑफिसात लेकीच्या वयाच्या मुली ‘मॅम’ म्हणतात, त्यावर हा उतारा वाईट नाही.

सतरा वर्षांच्या मुलाचे हाल मात्र सगळीकडे. किड्स क्लबमध्ये गेला की तो घोडा दिसतो, मोठ्यांच्या पूलपाशी गेला की ओळखपत्र मागतात. मग तो दिवसभर खोलीत पडून वायफायचे पैसे वसूल करतो आणि आईला वाटतं, बोट लागली असेल.

काटकसरी माणसासाठी यात एक वाट आहे, ती बाहेर फारशी कोणी सांगत नाही. इंग्लंडमध्ये शाळा चालू असताना मुलाला सहलीला नेलं तर आई-बापांना दंड होतो. ऑगस्ट २०२४ पासून तो साठ पौंडांवरून ऐंशीवर गेला. म्हणजे शाळा भरल्या की तिथल्या घसरगुंडीवाल्या जहाजांवरसुद्धा पोरं विरळ होतात आणि भाडंही उतरतं. मुलांविना सफर हवी असेल तर वेगळी बोट नको, शाळेचं वेळापत्रक पाहिलं की पुरे.

एका प्रवाशाबद्दल मात्र दोन्ही तट गप्प असतात. ‘क्वीन मेरी २’ या अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजावर कुत्र्यामांजरांसाठी खास खोल्या आहेत. २०१६ च्या डागडुजीत त्यांची संख्या बारावरून चोवीसवर गेली. सोबत फिरायला डेक आहे. शिवाय इंग्रज कुत्र्यांना परकं वाटू नये म्हणून विलायती दिव्याचा खांब आणि अमेरिकन कुत्र्यांसाठी तिकडच्या धाटणीचा, आग विझवायच्या पाण्याचा नळ उभारला आहे. तंगडी कुठे वर करायची याचा इतका बारकाईने विचार माणसाच्या पोरांसाठी कोणी केलेला नाही.

मराठी घरात हा वाद जरा वेगळ्या कारणाने अडतो. अठरा पूर्ण झाली म्हणजे मूल मोठं झालं, हे आधी आईला पटायला हवं ना? सिंगापूरहून सुटणाऱ्या बोटींवर आता शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय असते, त्यामुळे सुट्टीत तीन पिढ्या मिळून जातात. तिथे बेचाळीस वर्षांचा, दोनशे माणसं हाताखाली असलेला मुलगा डेकच्या टोकाला उभा राहिला की मागून हाक येते, “अरे, कठड्यापाशी जाऊ नकोस. आणि दही घेतलंस का?” त्याची सहा वर्षांची लेक हे ऐकून गोड हसते. तिला कोणी काही म्हणत नाही. ती आजोबांच्या ताब्यात असते, आणि आजोबा तिच्या.

हे एकट्या मराठी घरातलं नव्हे. २०२४ मध्ये जगभरात ३ कोटी ४६ लाख लोकांनी समुद्रातली क्रूझ केली, आणि त्यात दोन-तीन पिढ्या मिळून येणारी कुटुंबं भरपूर आहेत. आजी-आजोबांना मुलांपासून सुटका हवी असते असं गृहीत धरणाऱ्या कंपन्यांनी हे एकदा तपासून पाहावं. आजोबा नातवंडाशिवाय बोटीवर गेले तर पहिल्या दिवशी डुलकी काढतील, दुसऱ्या दिवशी पुस्तक वाचतील आणि तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी नातवाला हाक मारून गणिताचे पाढे विचारतील.

याच्या उलट पुरावाही घरातच आहे. केसरीच्या ‘माय फेअर लेडी’ सहली, वीणा वर्ल्डच्या ‘वुमन्स स्पेशल’ आणि ‘सिनियर्स स्पेशल’, सगळ्या पोरांशिवाय जातात. त्या भरून वाहतात आणि कोणाला त्यात बालद्वेष दिसत नाही. सुनेकडे पोरं सोपवून निघालेल्या सासवा आणि सासूकडे पोरं सोपवून निघालेल्या सुना स्वित्झर्लंडच्या बर्फात ज्या किंकाळ्या मारतात, त्या ऐकल्यावर किड्स क्लब शांतता क्षेत्र वाटावा. फक्त दोघी एकाच तारखेच्या सहलीत येऊ नयेत, मग पोरं शेजाऱ्यांकडे जातात.

मुंबईहून सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉर्डेलिया’च्या बोटीवर मुलांना बंदी वगैरे काही नाही. बोट १९९० सालची, पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे होती, आता गोवा-लक्षद्वीप करते. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की ती चेन्नईकडे वळते, म्हणजे मुंबईचा तिचा हंगाम दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यातच येतो. अशा वेळी मुलांना दाराबाहेर ठेवायचं म्हटलं तर बोट बॅलार्ड पिअरवरच उभी राहील. जुन्या काळी याच समुद्रातून कोकणात आणि पणजीला जाणाऱ्या बोटींवर तर असले प्रश्नच नव्हते. डेकवर चटई अंथरायची, ट्रंकेला टेकायचं, पोरं मध्ये घ्यायची. रत्नागिरी-वेंगुर्ल्याला होडीतून बोटीवर चढताना तीच पोरं हातोहात वर फेकली जायची. आणि एकदा बोट लागली, की लहान कोण आणि मोठं कोण हा भेद कठड्यापाशी आपोआप मिटायचा.

गोव्यात मात्र दोन्ही तटांची एकाच बोटीवर गाठ पडते. पणजीसमोर मांडवीत कॅसिनोच्या बोटी नांगर टाकून उभ्या असतात. एकवीस वर्षांखालच्या कोणाला तिथे खेळता येत नाही. तरीही यातल्या काही बोटींवर मुलांसाठी वेगळी खोली आहे, खेळणी आहेत, लक्ष ठेवायला माणूस आहे. आई-बाबा पत्त्यांच्या टेबलावर आणि पोर खाली रंगीत चेंडूंच्या हौदात. बोट जागची हलत नाही, त्यामुळे ती लागण्याचा प्रश्न नाही. पहाटे घरी जायची वेळ झाली की पोराला उठवून खांद्यावर घेतात. ते बिचारं लगेच येतं. “अजून पाच मिनिटं” असा आवाज येतो तो वरून, टेबलाकडून.